अबोध मनाची वाङ्मयीन पूर्वपीठिका

१९२० साली मनोविश्लेषणाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय जर्मन नियतकालिकात विश्लेषणतंत्राच्या पूर्वेतिहासाविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. टिपणावर लेखकाचे नाव नव्हते. शेवटी केवळ 'एफ.' एवढे एकच अक्षर होते. त्यात सिग्मंड फ्रॉइडचा उल्लेख तृतीय पुरुषात केलेला होता आणि ते लिहिले होते स्वतः फ्रॉइडनेच. निमित्त होते हॅवलॉक एलिसच्या एका निबंधाचे. फ्रॉइडच्या लेखनाकडे शास्त्रज्ञाची नव्हे, तर कलावंताची निर्मिती म्हणून पाहावे, असे एलिसने त्यात सुचविले होते. मनात येईल ते अडथळा न आणता उतरवीत जाण्याच्या तंत्राचा एक पूर्वसूरीही त्याने शोधून काढला होता. हा पूर्वसूरी म्हणजे १८५७ साली अशा रीतीने रचलेल्या गूढ कवितांचा संग्रह प्रसिद्ध करणारा गार्थ विल्किन्सन नावाचा डॉक्टर. फ्रॉइडला ही सूचना मानवली नाही. कलावंत म्हणून होणारा हा गौरव म्हणजे मनोविश्लेषणाला होणाऱ्या विरोधाचेच एक सौम्य रूप आहे, असे त्याने म्हटले. पण त्याच टिपणात पुढे त्याने एक कबुली दिली. विल्किन्सनपेक्षा अधिक जवळचा पूर्वसूरी लुडविग ब्योर्ने हा जर्मन निबंधकार असावा. १८२३ साली ब्योर्नेने 'तीन दिवसांत स्वतंत्र प्रज्ञेचा लेखक होण्याची कला' अशा मिस्कील शीर्षकाचा एक लहानसा निबंध लिहिला होता. काही कोरे कागद घ्यावेत, तीन दिवस डोक्यात येईल ते सर्व काही खोटेपणा न करता लिहून काढावे, म्हणजे चौथ्या दिवशी आपल्याला हे विचार सुचलेच कसे याचे आपले आपल्यालाच नवल वाटेल, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. ब्योर्नेचे ग्रंथ फ्रॉइडला वयाच्या चौदाव्या वर्षी भेट मिळाले होते. अर्धशतक उलटल्यावरही ते त्याच्या संग्रही होते आणि त्यांतील इतर निबंध त्याला आठवतही होते. नेमका हाच तेवढा विसरला होता.

फ्रॉइडच्या विस्मरणाचे फ्रॉइडीय विश्लेषण करण्याचा मोह येथे टाळलेला बरा. तसे करणे फार सोपे आहे आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. या प्रसंगाचे महत्त्व वेगळेच आहे. साहित्य आणि मानसशास्त्र यांच्या संबंधाची जी कथा समीक्षेत सामान्यतः सांगितली जाते, ती अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानसशास्त्राने अबोध मनाचा शोध लावला आणि विसाव्या शतकात साहित्याने व समीक्षेने त्याचा उपयोग केला. शोध तिकडचा, उपयोजन इकडचे. या कथेचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी खरा आहे, पूर्वार्ध नाही. एल. एल. व्हाइट याने १९६० साली आणि हेन्री एलेनबर्गर याने १९७० साली आपल्या ग्रंथांतून फ्रॉइडपूर्व अबोधाचा इतिहास तपशीलवार मांडला, तेव्हापासून अभ्यासकांना हे ठाऊक आहे. मात्र त्या इतिहासातील एका गोष्टीकडे समीक्षेचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. अबोधाची कल्पना रुग्णाच्या खाटेपाशी येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे सौंदर्यशास्त्रात, कादंबरीत आणि कवींच्या पत्रव्यवहारात वावरत होती. इतकेच नव्हे, तर काव्य कसे निर्माण होते हा प्रश्न पडल्यामुळेच तिला आकार आला होता.

या कल्पनेचा आरंभ एका नकारात सापडतो. विचार करणे आणि आपण विचार करीत आहोत याची जाणीव असणे या देकार्तच्या मांडणीत वस्तुतः एकच गोष्टी होत्या. जॉन लॉकने देकार्तशी अन्य अनेक बाबतींत वाद घातला. पण मनाला स्वतःला न कळता विचार करता येईल, हे त्यालाही अशक्यच वाटत होते. लॉकच्या ग्रंथाला लायब्निट्सने परिच्छेदशः उत्तर लिहिले. १७०४ साली लॉकचे निधन झाले आणि मृत प्रतिपक्षाशी वाद घालणे प्रशस्त न वाटून लायब्निट्सने ते बाजूला ठेवले. ते छापले गेले १७६५ साली, त्याच्या स्वतःच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने. या उत्तरात सूक्ष्म संवेदनांची उपपत्ती आहे. समुद्राची गाज ऐकू येते ती असंख्य लाटांच्या आवाजाने बनलेली असते. एकेका लाटेचा आवाज वेगळा जाणवत नाही; पण तो मुळीच ऐकू आला नसता तर सगळ्यांची मिळून होणारी गाजही ऐकू आली नसती, कारण एक लाख शून्यांची बेरीज शून्यच होते. येथे अबोध म्हणजे दडवलेले काही नव्हे. ते फक्त लहान आहे, जाणिवेच्या नजरेत न भरण्याइतके लहान.

लायब्निट्सच्या परंपरेत ख्रिस्तिआन वोल्फने १७३२ आणि १७३४ साली अनुक्रमे अनुभवाधिष्ठित आणि बुद्धिनिष्ठ मानसशास्त्रावर लॅटिन ग्रंथ लिहून 'मानसशास्त्र' हे नाव तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात पक्के केले. वोल्फच्या पठडीत वाढलेल्या अलेक्झांडर बाउमगार्टनने पुढचे पाऊल टाकले. १७३५ सालच्या काव्यविषयक प्रबंधात त्याने 'एस्थेटिक' ही संज्ञा योजली आणि १७३९ सालच्या तत्त्वमीमांसेत अंधुक संवेदनांच्या साठ्याला 'आत्म्याचा तळ' असे नाव दिले. सुस्पष्ट संकल्पनांचे शास्त्र तर्क, तर मग जे स्पष्ट होत नाही तरीही समृद्ध असते त्याचे शास्त्र कोणते, या प्रश्नाच्या उत्तरादाखल सौंदर्यशास्त्र जन्माला आले. म्हणजे सौंदर्यशास्त्र आणि अबोधाचा विचार ही एकाच प्रश्नाची जुळी अपत्ये होत. पुढे दोघांची घरे वेगळी झाली, एक तत्त्वज्ञानाच्या विभागात आणि दुसरे वैद्यकाच्या, इतकेच.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला देहमांस मिळाले ते कार्ल फिलिप मॉरिट्झ याच्या हातून. मॉरिट्झ (१७५६–१७९३) हा या सबंध इतिहासातील बहुधा सर्वांत उपेक्षित माणूस. वडील एका गूढवादी पंथाचे कडवे अनुयायी, घरात दारिद्र्य, लहानपणी टोपीवाल्याकडे उमेदवारी, नंतर नट होण्याचे वेड, शेवटी बर्लिनमध्ये शिक्षक व प्राध्यापक, आणि छत्तिसाव्या वर्षी मृत्यू. १७८३ पासून दहा वर्षे त्याने एक नियतकालिक चालविले. त्याच्या नावाच्या आरंभीच 'स्वतःला जाण' हे ग्रीक वचन होते आणि विषय होता 'आत्म्याचे अनुभवाधिष्ठित ज्ञान'. मानसशास्त्राला वाहिलेले हे युरोपातील पहिल्या नियतकालिकांपैकी एक. मोझेस मेंडेल्सझोनच्या सूचनेवरून त्याची विभागणी वैद्यकाच्या धर्तीवर केली होती : आत्म्याचे आरोग्य, त्याचे रोग, त्याची लक्षणे. नीतीची वटवट नको, वस्तुस्थिती हवी, असा संपादकाचा आग्रह असे. वाचक आपापले वृत्तांत धाडीत. त्यांत स्वप्ने होती, मुक्या-बहिऱ्यांविषयीची निरीक्षणे होती, गुन्हेगारांच्या आणि आत्महत्या करणाऱ्यांच्या कहाण्या होत्या. बालपणीच्या अगदी पहिल्यावहिल्या आठवणी होत्या. या आठवणींबद्दल मॉरिट्झला विशेष कुतूहल होते. बर्लिनमधील एका प्रतिष्ठित धर्मोपदेशकाचा वृत्तांत फार बोलका आहे. पैशांची पावती लिहायला बसला असता त्याच्या लेखणीतून भलतेच शब्द उतरू लागले. काय लिहायचे ते मनात स्पष्ट होते, पण हात ऐकेना, आणि तोंडूनही हवे ते शब्द निघेनात. मन ठिकाणावर असताना भाषा हातची निसटते तेव्हा नेमके काय घडते, हे तो जणू स्वतःकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहत टिपून ठेवतो.

या नियतकालिकाला प्रयोगशाळा नव्हती. त्याची सामग्री होती ती केवळ कथन. याच काळात, १७८५ ते १७९० या वर्षांत, मॉरिट्झने 'आंतोन रायझर' ही कादंबरी लिहिली. तिला त्याने 'मानसशास्त्रीय कादंबरी' असे उपशीर्षक दिले आणि तिचे काही अंश आपल्याच नियतकालिकात वृत्तांत म्हणून छापले. एकच मजकूर एका ठिकाणी वाङ्मय आणि दुसऱ्या ठिकाणी निरीक्षण. ही गफलत नव्हती. अपमानित, सतत वाचनात बुडालेल्या, रंगभूमीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाच्या मनात काय घडते हे सांगायचे तर क्षुल्लक प्रसंगांची मालिकाच सांगावी लागते, आणि त्या क्षुल्लकांचा एकमेकांशी असलेला धागा त्या मुलाला दिसत नसतो; तो निवेदकाला नंतर दिसतो. अबोध हे कादंबरीत असे निवेदक आणि पात्र यांच्यामधील अंतराच्या रूपाने येते. मनोविश्लेषणातील रुग्ण आणि विश्लेषक यांचे नाते पुढे याच अंतरावर उभे राहिले.

मॉरिट्झची तिसरी कामगिरी सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक जाणतात, पण पहिल्या दोहोंशी तिचा संबंध क्वचितच जोडला जातो. कलाकृती स्वतःतच परिपूर्ण असते, तिचे प्रयोजन तिच्याबाहेर नसते, ही भूमिका त्याने १७८५ साली, म्हणजे कांटच्या तिसऱ्या मीमांसेच्या पाच वर्षे आधी मांडली. रोममध्ये गटेच्या सहवासात लिहिलेल्या १७८८ सालच्या निबंधात त्याने असे म्हटले की कलावंताच्या कर्तृत्वशक्तीला सबंध कृतीची एक अंधुक पूर्वजाणीव आधी होते आणि तिचे सुटे भाग विचाराला व कल्पनेला नंतर दिसू लागतात. कलाकृतीची स्वायत्तता आणि निर्मितीचे अबोधत्व ही दोन तत्त्वे येथे एकाच हाताने लिहिली गेली आहेत. विसाव्या शतकातील समीक्षेत ती परस्परांच्या विरुद्ध उभी केली गेली, रूपवादी एकीकडे आणि मनोविश्लेषणवादी दुसरीकडे. तो पुढचा भाग झाला.

यानंतरचा टप्पा सुपरिचित आहे. कांटने १७९० साली प्रतिभेचे लक्षण सांगताना न्यूटन आणि होमर यांच्यात फरक केला. न्यूटनला आपल्या विचाराची प्रत्येक पायरी दाखविता येते. कवीला आपल्या कल्पना कशा एकत्र आल्या हे स्वतःलाच माहीत नसते, म्हणून इतरांना शिकविताही येत नाही. शेलिंगने १८०० साली हेच सूत्र सबंध तत्त्वज्ञानाचा कळस म्हणून वर चढविले : जाणिवेची आणि नेणिवेची क्रिया एकरूप होतात ती कलाकृतीत, म्हणून कला हेच तत्त्वज्ञानाचे खरे साधन. निसर्ग नेणिवेकडून जाणिवेकडे जातो, कला जाणिवेकडून नेणिवेकडे. शिलरला ही मांडणी पटली नाही. २७ मार्च १८०१ रोजी गटेला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला आक्षेप नोंदविला. अनुभव असे सांगतो की कवीचा आरंभच नेणिवेने होतो. आधी असते ती एक अंधुक पण बलवान अशी समग्र कल्पना, आणि नंतरच्या पूर्ण जागरूक परिश्रमातून ती उतरत्या बळाची न होता पूर्ण झालेल्या कृतीत पुन्हा सापडली, तर कवीने स्वतःला भाग्यवान समजावे. गटेने उत्तरात आणखी पुढे जाऊन असे सुचविले की प्रतिभावंत प्रतिभावंत म्हणून जे काही करतो ते सारे नकळतच होते.

हा वाद वरवर पाहता बारीकसारीक वाटतो, पण समीक्षेच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. शिलरच्या मांडणीत अबोध म्हणजे कृतीचे बीज आहे. त्याला आकार आहे, समग्रता आहे, दिशा आहे. जाणीव त्याची शत्रू नाही. ती त्याची कारागीर आहे. तेथे काही दडपलेले नाही, उलगडून दाखवावे असे गुपित नाही, आणि म्हणून कवितेमागे जाऊन तिचा 'खरा अर्थ' खेचून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

स्वच्छंदतावादी पिढीने हे बीज बघता बघता एक खंड करून टाकले. जाँ पॉलने १८०४ सालच्या आपल्या सौंदर्यशास्त्रप्रवेशिकेत कवीमधील सर्वांत बलवान गोष्ट म्हणजे त्याचे अबोधच, असे म्हटले होते. मृत्यूनंतर १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'झेलिना'मध्ये त्याने अबोधाला मनातील अंतर्गत आफ्रिका म्हटले. युरोपच्या नकाशावर तेव्हा आफ्रिकेचा अंतर्भाग कोरा होता. तो भरून काढायला निघालेल्या मोहिमांची वर्णने वाचणाऱ्या वाचकांसाठी ही उपमा होती. एका शतकाने, १९२६ साली, स्त्रीच्या लैंगिक जीवनाला फ्रॉइडने 'अंधारा खंड' म्हटले तेव्हा तोच नकाशा पुन्हा उघडला गेला. वसाहतीचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे अशा वाचकाच्या नजरेतून हे सुटू नये की युरोपीय मनाने आपल्या अज्ञात भागाला नाव देताना दुसऱ्याच्या भूमीचे नाव वापरले. त्या भूमीत राहणाऱ्यांना ती अर्थातच अज्ञात नव्हती.

कार्ल गुस्टाफ कारुस हा ड्रेस्डेनचा वैद्य आणि निसर्गचित्रकार, कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचा स्नेही. जाणिवेच्या जीवनाची गुरुकिल्ली नेणिवेच्या प्रांतात आहे, या अर्थाच्या विधानाने त्याच्या 'प्स्युखे' (१८४६) या ग्रंथाचा आरंभ होतो. मात्र हा वैद्य असूनही त्याचे अबोध रोगी नाही. ते थकत नाही, आजारी पडत नाही. गर्भ वाढविणारी, जखम भरून आणणारी आणि कविता सुचविणारी अशी ती एकच शक्ती आहे.

याच सुमारास मानसशास्त्राची दुसरी वाट, मोजमापाची, आखली जात होती. मनाला गणित लावता येत नाही म्हणून मानसशास्त्र कधीही खरे विज्ञान होणार नाही, असा निर्णय कांटने १७८६ साली दिला होता. कांटच्याच कोनिग्सबर्गमधील अध्यासनावर बसलेल्या हर्बार्टने १८२४–२५ साली या निर्णयाला दोन खंडांचे उत्तर दिले. कल्पना म्हणजे परस्परांना ढकलणाऱ्या शक्ती. दुबळी कल्पना जाणिवेच्या उंबरठ्याखाली लोटली जाते, पण नष्ट होत नाही आणि संधी मिळताच वर येते. हर्बार्टपंथी लिंडनरचे क्रमिक पुस्तक फ्रॉइडने व्हिएन्नातील शाळेत अभ्यासले होते. गुस्टाफ फेक्नरने १८६० साली हा उंबरठा प्रयोगाने मोजून मनोभौतिकीचा पाया घातला. पण फेक्नरदेखील निव्वळ मोजणारा नव्हता. 'डॉ. मिझेस' या टोपणनावाने त्याने उपहासात्मक गद्य लिहिले होते, आणि १८७६ साली त्याने जो सौंदर्यशास्त्राचा ग्रंथ प्रसिद्ध केला त्याला जाँ पॉलच्याच ग्रंथाचे शीर्षक दिले. स्वप्नांची रंगभूमी जागृतीतील विचारांच्या रंगभूमीहून निराळी असते, ही कल्पनाही त्याचीच; फ्रॉइडने १९०० साली स्वप्नमीमांसेत ती आदराने उचलली. विज्ञानातील ही मध्यवर्ती कल्पना नाटकगृहातून आलेली आहे हे सांगायला नको.

अबोधाला लोकप्रियता मिळाली ती मात्र या दोन्ही वाटांवरून नव्हे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे सैन्य सोडावे लागलेल्या एडुआर्ड फॉन हार्टमान या तरुणाने १८६९ साली 'अबोधाचे तत्त्वज्ञान' हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो हातोहात खपला. मज्जारज्जूपासून प्रेम, भाषा, इतिहास आणि काव्य यांपर्यंत सर्वत्र एकच अबोध तत्त्व कार्य करते, असा त्याचा दावा होता. सर्व काही स्पष्ट करणाऱ्या संकल्पनेने काहीच स्पष्ट होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण. नीत्शेने १८७४ साली त्याची यथेच्छ टर उडविली. त्याआधी, १८७२ साली, डार्विनच्या भूमिकेवरून या ग्रंथाचे वाभाडे काढणारे एक निनावी पुस्तक निघाले आणि विरोधकांनी त्याचे कौतुक केले. १८७७ साली उघड झाले की ते खुद्द हार्टमाननेच लिहिले होते! स्वतःविषयी निनावी लिहिणाऱ्या फ्रॉइडला एक पूर्वसूरी येथेही सापडतो.

हार्टमानच्या या फुगवट्याची प्रतिक्रिया उमटणे अपरिहार्य होते. फ्रान्झ ब्रेंटानोने १८७४ साली अबोध मानसिक क्रियांच्या बाजूची सर्व प्रमाणे तपासून ती अपुरी ठरविली. प्रत्येक मानसिक क्रियेत तिची स्वतःची जाणीव अंतर्भूतच असते, असे त्याचे मत. याच ब्रेंटानोच्या व्याख्यानांना विद्यार्थिदशेत फ्रॉइड बसत होता. ज्याने १८७९ साली लाइप्झिगला प्रयोगशाळा स्थापली, त्या विल्हेल्म वुंटने आरंभी अबोध अनुमानाची कल्पना स्वीकारली होती. नंतर ती टाकून दिली. विल्यम जेम्सने १८९० साली अशा दहा 'पुराव्यां'ची एकेक करून वासलात लावली आणि हा प्रांत लहरी कल्पनांना उड्या मारायला मोकळे मैदान ठरेल, असा इशारा दिला. जाणिवेच्या अखंड प्रवाहाचे जे वर्णन पुढे कादंबरीच्या समीक्षेत 'संज्ञाप्रवाह' म्हणून रूढ झाले, ते याच ग्रंथातले. म्हणजे संज्ञाप्रवाहाच्या मूळ उपपत्तीत अबोधाला स्थान नाही. समीक्षेत मात्र दोन्ही कल्पना हातात हात घालून फिरतात. बारा वर्षांनी, धर्मानुभवावरील व्याख्यानांत, जेम्सनेच जाणिवेच्या सीमेपलीकडील मनाचा शोध ही आपल्या हयातीतील मानसशास्त्राची सर्वांत महत्त्वाची प्रगती मानली. या मतांतराला कारण होते ते संमोहनाच्या आणि उन्मादाच्या रुग्णांवरील नवे काम. १७८४ साली प्युसेग्युरने एका शेतमजुराला कृत्रिम निद्राभ्रमणाच्या अवस्थेत नेले, तेव्हापासून अंधश्रद्धा आणि वैद्यक यांच्या सीमेवर रेंगाळत आलेली ही परंपरा शार्कोच्या रुग्णालयात आणि प्येर जानेच्या १८८९ सालच्या प्रबंधात प्रतिष्ठित झाली.

फ्रॉइडला हे सर्व प्रवाह उपलब्ध होते. त्याने त्यांत जी भर घातली ती लहान नव्हती. अबोध हे केवळ सूक्ष्म नाही, केवळ उंबरठ्याखाली नाही, केवळ सर्जकही नाही. ते दमित आहे, आणि ते परत येते तेव्हा वेष बदलून येते. लायब्निट्सची लाट ऐकू येत नाही कारण ती लहान असते. फ्रॉइडची इच्छा ऐकू येत नाही कारण ती ऐकायची नसते. या बदलामुळे अबोध प्रथमच वाचण्याची वस्तू झाले. बीज वाचता येत नाही, वेषांतर वाचता येते. आणि वाचन म्हटले की वाङ्मय आलेच. १८९५ साली ब्रॉयरसह प्रसिद्ध केलेल्या उन्मादविषयक ग्रंथात आपले रुग्णवृत्तांत लघुकादंबरीसारखे वाचले जातात, त्यांच्यावर विज्ञानाचा गंभीर ठसा दिसत नाही, याची फ्रॉइडने काहीशा संकोचाने नोंद केली आणि त्याचे खापर विषयाच्या स्वरूपावर फोडले. मॉरिट्झला असा संकोच वाटला नव्हता. मधल्या शंभर वर्षांत विज्ञान या शब्दाचा धाक केवढा वाढला होता, हे या फरकातून दिसते.

समीक्षेपुढचा प्रश्न येथून सुरू होतो. कवितेच्या संदर्भात 'अबोध' म्हणताना शिलरचे अबोध अभिप्रेत आहे की फ्रॉइडचे? मराठीत ही संदिग्धता शब्दांमुळे अधिकच वाढली आहे. 'अबोध मन', 'अचेतन', 'सुप्त मन', 'अंतर्मन', 'नेणीव' हे शब्द समीक्षेत जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जातात. वस्तुतः प्रत्येकामागे निराळे चित्र आहे. 'सुप्त' म्हणजे झोपलेले, जागे होऊ शकणारे. ते हर्बार्टच्या उंबरठ्याजवळ जाते. 'अंतर्मन' हे आतले, अधिक खरे, अधिक शुद्ध असे मन. त्यात कारुसचा सूर आहे, आणि म्हणूनच प्रेरणेच्या स्तुतिपर वर्णनात तो शब्द आपोआप येतो. 'नेणीव' हा शब्द सर्वांत जुना. संतवाङ्मयात तो जाणिवेच्या जोडीने, ज्ञान-अज्ञानाच्या विचारात येतो. तेथे त्याचा अर्थ न जाणणे असा आहे, दडपून ठेवणे असा नाही. यांपैकी एकाही शब्दात दमनाची हिंसा नाही. परिणामी मराठी समीक्षक पुष्कळदा फ्रॉइडचे नाव घेऊन शिलरची उपपत्ती मांडतो : कवीचे अबोध कवितेला जन्म देते असे म्हणतो, आणि पुढच्याच परिच्छेदात त्या कवितेतील प्रतिमा कुठल्या दमित इच्छेची लक्षणे आहेत ते सांगू लागतो. पहिल्या विधानात कविता हे अबोधाचे फळ आहे, दुसऱ्यात तो त्याचा पडदा आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतील. पण तसे असेल तर ते सिद्ध करावे लागेल, शब्दाच्या आडोशाने गृहीत धरता येणार नाही.

वासना आणि संस्कार यांच्या आधारे 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचाही एक मार्ग आहे आणि तो वारंवार चोखाळला जातो. अभिनवगुप्ताच्या रसविचारात वासनेला मध्यवर्ती स्थान आहे, हे खरेच. पण ती वासना सहृदयाला कवीशी व इतर सहृदयांशी जोडते. ती सामान्य आहे, खाजगी नाही. तिची तुलना करायचीच तर फ्रॉइडशी नव्हे, शिलर-मॉरिट्झच्या परंपरेशी करावी लागेल, आणि तीही जपून.

फ्रॉइडने शिलरला उद्धृत केले आहे, पण १८०१ सालच्या पत्रातून नव्हे. स्वप्नमीमांसेच्या १९०९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तेथे आले ते शिलरने ख्रिस्तिआन कोर्नर या मित्राला १ डिसेंबर १७८८ रोजी लिहिलेले पत्र, आणि ते ओटो रांकने शोधून दिले होते. नवनिर्मिती होत नाही अशी तक्रार करणाऱ्या कोर्नरला शिलरने लिहिले होते की मनाच्या दारावरील बुद्धीच्या पहारेकऱ्याने आत येणाऱ्या कल्पनांना फार लवकर हटकू नये. या सल्ल्याचा उत्तरार्ध असा की गर्दी आत आल्यावर बुद्धीने तिच्याकडे नीट पाहावे व पारख करावी. फ्रॉइडच्या उपयोजनात मात्र सारे महत्त्व पहारेकरी दूर होण्याला आले. पारख करणाऱ्या कवीची जागा विश्लेषकाने घेतली.

पहारेकऱ्याची ही प्रतिमा पुन्हा ब्योर्नेकडे नेते. १८१९ च्या कार्ल्सबाड आदेशांनी जर्मन वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली होती आणि फ्रँकफुर्टचा हा ज्यू कुळातील पत्रकार तिच्याशी रोज झगडत होता. १८२३ सालच्या त्या निबंधात त्याने लिहिले की सरकारच्या सेन्सॉरपेक्षा लोकमताचा सेन्सॉर लेखकाच्या मनावर अधिक जुलूम करतो आणि विचार करण्याची भीती ही लाजिरवाणी गोष्ट आहे. २२ डिसेंबर १८९७ रोजी फ्रॉइडने विल्हेल्म फ्लीसला लिहिलेल्या पत्रात रशियाच्या सरहद्दीवर परदेशी वृत्तपत्रांतील ओळी काळ्या करणाऱ्या सेन्सॉरचा दाखला दिला आहे, आणि तीन वर्षांनी स्वप्नमीमांसेत हाच अधिकारी झोपलेल्या माणसाच्या मनाच्या दारावर येऊन बसला. १९२० सालच्या त्या निनावी टिपणात फ्रॉइडने ब्योर्नेच्या निबंधातील या वाक्यांकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. 'सेन्सॉर' हा शब्द येथे आधीच आलेला आहे, असे तो कंसात नमूद करतो.